बुजवलेले झरोके

अक्षय्य तृतीयेचा दिवस, दहा वाजायला अजून वेळ होता. प्रेरणा पलंगावर चढून उभी राहिली, डोक्यावरच्या तक्तपोशीच्या फळीला तिनं तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

“हात लावून पाहा,” ती म्हणाली.

“पाह्यलं ना काल,” गोविंदा म्हणाला. तो आरशासमोर नव्या शर्टाची बटणं लावत होता.

“ते कालचं झालं. आज पाहा.”

“वैशाख हाय, प्रेरणा. गरम नाई राहीन तं काय राहीन?”

ती खाली उतरली. भिंतीवर खिळ्याला तापमापक टांगलेला होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बुलडाण्यात घेतलेला. आत्ताच पारा एकोणचाळीसवर होता. काल दुपारी तिनं तो काठीला बांधून माळ्याच्या तोंडातून वर धरला होता. पारा चढत चढत शेवटच्या आकड्याला टेकला. पन्नासच्या पुढे त्यावर आकडेच नव्हते.

माळ्यावर पत्रा, पत्र्याखाली सोयाबीनच्या बियाण्याची तीस पोती, पोत्यांखाली फळ्या आणि फळ्यांखाली हे मधलं घर. खाली सतरंजीवर तिची लेक कस्तुरी पडली होती. आठ महिन्यांची. मानेच्या वळ्यांत घामोळ्या पिकलेल्या, ओठ कोरडे. छातीशी धरलं की दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. पहाटेपासून लंगोट एकदाच ओला झाला होता. काल मलकापूरच्या डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं: लघवी मोजा. ओआरएसचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहा, आणि आधी ही खोली बदला. नाहीतर परवा सलाईन लावायला इथंच ठेवावी लागेल.

खोली बदलायची म्हणजे कुठं? पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या, त्या याहून तापत. मागच्या धाब्याच्या खोलीवर हातभर खारी माती होती, ती थंड राही. पण तिथं सासऱ्यांची, मामाजींची खाट, खताच्या गोण्या आणि फवारणीची औषधं. त्या वासात तान्हं लेकरू कसं निजवणार? कूलर होता. तो लावला की अर्ध्या तासात अंथरूण दमट व्हायचं, भिंती चिकट व्हायच्या, आणि गारवा काही यायचा नाही.

“वाऱ्याले येयाचं दार पाह्यजे अन् जायाचं दार पाह्यजे,” तिच्या सासूबाई, आत्याबाई, म्हणायच्या. “एकच दार असन तं तो पाहुणा नाई, कोंडलेलं जनावर होते.”

माळ्याची दोन्ही दारं, पूर्वेचा झरोका आणि पश्चिमेचा झरोका, गेल्या वर्षापासून विटा-सिमेंटनं बंद होती.

“तुम्ही भाऊजींना सांगणार आहात की नाही?”

गोविंदानं बटण लावणं थांबवलं. “आज माय गेल्यावरची पहिली घागर हाय. आज कसं सांगू?”

“काल म्हणालात आखाजी होऊ द्या. परवा म्हणालात पूनमताई येऊ द्या.”

“दादा आयकून घेईन असं वाटते तुले?”

“मग मी पाचच्या एसटीनं जाते,” ती म्हणाली. तिनं दाराआडची बॅग दाखवली. “घाटावर. माझ्या आईकडे. झरोके उघडले तर बॅग उघडीन. नाही उघडले तर नाही.”

गोविंदा बॅगकडे पाहत राहिला. मग बाहेर गेला. कुणाला काही सांगायला गेला नव्हता, हे तिला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

*

मोठी सून अन्नपूर्णा पुरण वाटत होती. तिची दोन्ही पोरं मामाच्या गावी, हिवरा आश्रमाकडे गेली होती, म्हणून घर शांत होतं. नाहीतर पुरणाचा अर्धा गोळा आत्तापर्यंत गायब झाला असता. सासू असती तर मागून आवाज आला असता, “बारीक वाट वो, दात पडले आता माह्ये.” पाट्यासमोर बसलं की अजून मान आपोआप मागे वळत होती.

मलकापूरहून नणंद आली ती ऑटोतून उतरून थेट भाचीला पाहायला गेली, आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरात.

“मोठ्या वहिनी, थे बॅग कायची वो दाराआड?”

“मले काय विचारतं, पूनम? जिची हाय तिले विचार.”

“मायची घागर आज, अन् ही चालली?”

“घाटावरच्या पोरीले घाटाखालचं ऊन कुठं सोसते बाप्पा,” अन्नपूर्णा म्हणाली. दारात प्रेरणा कस्तुरीला खांद्यावर घेऊन उभी आहे हे तिला बोलून झाल्यावर दिसलं.

“मला सोसतं, ताई,” प्रेरणा म्हणाली. “हिला सोसत नाही.”

“आमी नाई वाढलो काय या घरात?” पूनमनं कमरेवर हात ठेवले. “याच मधल्या घरात मी लहानाची मोठी झाली. तवा तं कूलर बी नोयता.”

“तेव्हा झरोके उघडे होते, पूनमताई.”

पाट्यावरचा वरवंटा थांबला. हा शब्द या घरात कुणी वर्षभर उच्चारला नव्हता.

पूनमचा आवाज एकदम खाली आला. “आज त्याचं नाव नको काढू. दादासमोर तं बिलकुल नको. तुह्या पाया पडते.”

“पाया कशाला पडता? पाणी पाजा हिला चार चमचे. माझ्या हातानं घेत नाही.”

पूनमनं लेकराला घेतलं. अन्नपूर्णानं पाहिलं, नणंदेनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. “माय वं,” ती हळूच म्हणाली. पण एवढंच. चमचा घेऊन ती कोपऱ्यात बसली.

अन्नपूर्णानं पुन्हा वरवंटा ओढला. गेल्या वर्षी आखाजीनंतरच्या आठवड्यात सासू शिडीवरून पडली. उन्हाळाभर तिचा नेम असायचा: सकाळी आठला वर चढून पश्चिमेच्या झरोक्याला ओलं पोतं बांधायचं, पूर्वेचा मोकळा ठेवायचा, दुपारी पोतं पुन्हा भिजवायचं. “बियाणं बी थंड, खालचं घर बी थंड.” त्या वर्षी मधल्या घरात पाच महिन्यांची पोटुशी प्रेरणा होती, तर दुपारची खेप एकाची दोन झाली. खुबा मोडला. बारा दिवस दवाखाना, आणि तिथूनच गेली. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, राजकुमारनं, स्वतः सिमेंट कालवून झरोके बुजवले. उंदरं येतात म्हणाला, पारवे येतात म्हणाला. कुणी काही विचारलं नाही.

धाकटीसाठी सासू चढली आणि पडली, हे अन्नपूर्णाच्या मनात खड्यासारखं होतं. आठ वर्षं आपण होतो, आपल्यासाठी कधी दोन खेपा झाल्या नाहीत.

तरीही सोमवारी ती स्वतः माळ्यावर गेली होती. आखाजीला बियाणं तपासायचं ही सासूचीच रीत: पाच दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीनं मांडायचे, गुंडाळायचे, आणि आखाजीला घागर भरून झाली की सगळ्यांसमोर उघडून मोजायचे. मग साऱ्या वडनेर गावात सांगायचं, उकंडरावकडचं, म्हणजे सासऱ्यांचं, बियाणं कसं आहे ते. अन्नपूर्णानं वरच्या पोत्यात हात घातला आणि दचकून बाहेर काढला. दाणे फुटाण्याच्या भट्टीतून काढल्यासारखे होते. डोकं गरगरलं म्हणून ओंजळभर दाणे घेऊन ती लगेच उतरली. शंभर दाणे मोजून तिनं गोणपाट गुंडाळलं. मग थोडा वेळ तशीच बसली, आणि मागच्या धाब्यात जाऊन सासऱ्यांच्या खाटेखालच्या एकुलत्या पोत्यातून आणखी शंभर दाणे काढले.

दुसरं गोणपाट तिनं रांजणामागे ठेवलं होतं. ते उघडायचं म्हणजे नवऱ्याला त्याच्या बापासमोर, बहिणीसमोर उघडं पाडायचं. नाही उघडायचं म्हणजे... तिनं कोपऱ्यात पाहिलं. पूनम चमचा धरून बसली होती. पोरगी ओठ उघडत नव्हती.

*

घागर राजकुमारनं भरली. नव्या लाल घागरीत पाणी, वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे, दारात उंबऱ्याला हळदकुंकू. आईचं नाव घेताना त्याचा आवाज नीट निघाला याचं त्यालाच बरं वाटलं. पुरणपोळी आणि रसाचं जेवण उरकलं.

आता दोन वाजले होते. ओसरीत सगळे बसले होते. बाबा खाटेवर, हातात पंखा, पण वारा घेत नव्हते. गोविंदा खांबाला टेकून. बायका दाराशी. धाकटी सून लेकराच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होती, आणि दर थोड्या वेळानं तिच्या लंगोटाला हात लावून पाहत होती. राजकुमारला ते दिसत होतं. सकाळपासून दिसत होतं. तो पाहत नव्हता एवढंच.

“आन वो थे गोणपाट,” तो बायकोला म्हणाला.

अन्नपूर्णानं गुंडाळी आणून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उलगडली. पहिल्या ओळीत दहापैकी चार दाण्यांना कोंब होते. बाकीचे फुगून मऊ झालेले, दोन बुरसटलेले. दुसऱ्या ओळीत तीन. तिसऱ्या ओळीत पाच होते तेव्हा त्याला जरा आशा वाटली. मग पुन्हा तीन.

“किती?” बाबांनी विचारलं.

“मोजून राह्यलो.”

“मोजून झालं तुह्यं. किती?”

“सदतीस.”

सत्तरच्या खाली आलं तर बियाणं पेरायचं नाही, हे माय बोटांवर सांगायची. गावातली नऊ घरं या पोत्यांच्या भरवशावर होती. त्यांतला दयाराम कालच येऊन गेला होता: काका, आमचं तुमच्याकडेच बरं का, बजारातलं नाई घेत आमी.

“पाणी कमी पडलं असन गोणपाटाले,” राजकुमार म्हणाला. “अन्नपूर्णा, रोज शिपडत होती का नाई तू?”

“रोज दोन टाइम.”

“मंग जास्त झालं असन. सडलं थे. माय करे तवा असं कधी...”

“मायवानीच केलं म्या.”

“मायवानी केलं असतं तं नव्वद निंघाले असते!”

त्याला कळलं, आवाज जास्त चढला. अन्नपूर्णा उठली. वाटलं रागावून आत चालली. ती रांजणामागून दुसरी गुंडाळी घेऊन आली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

“हे मागच्या धाब्यातल्या, बाबाच्या खाटेखालच्या पोत्यातलं. एकाच वावरातलं, एकाच दिवशी मळलेलं. दोन्ही गोणपाटं म्याच केले, एकाच हातानं. मोजा.”

राजकुमारनं हात लावला नाही. गोविंदा खांबापासून पुढे आला, उकिडवा बसला आणि मोजू लागला. पांढरे लांबसडक कोंब एकमेकांत गुंतले होते. एक्क्याऐंशी.

“तू मले आधी काऊन नाई सांगतलं?” राजकुमार बायकोला म्हणाला.

“आयकलं असतं?”

“माळ्यावर उंदरं लागले असतील...”

“उंदरांनी खाल्लेला दाणा अर्धा असतो, भाऊजी.” धाकट्या सुनेचा आवाज होता. ती त्याच्याशी थेट फारशी बोलत नसे. “हे दाणे अख्खे आहेत. आतून मेलेत. काल मी माळ्यावर तापमापक धरला, पन्नासच्या वर गेला. सोयाबीनला ते सोसत नाही. आणि जे त्यांच्यावर तापतं तेच फळ्यांतून माझ्या पोरीवर उतरतं.”

“म्हंजे काय म्हननं हाय तुह्यं?”

“झरोके उघडा.”

“वहिनी!” पूनम म्हणाली.

“उघडा म्हणते मी. आज. नाहीतर पाचच्या एसटीनं मी हिला घेऊन जाते. रुसून नाही जात. हिनं पहाटेपासून एकदाच लघवी केली आहे. आता माझ्याजवळ थांबायला वेळ नाही.”

“आजच्या दिवशी धमकी देतं घराले?” पूनम उठली. “मायची घागर दारात हाय अन् तू...”

“पूनम, बस खाली,” गोविंदा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःही जरा दचकल्यासारखा दिसला. मग म्हणाला, “दादा, ती बराबर बोलून राह्यली. मी चार दिवसांपासून तुले सांगाले येतो अन् वापस जातो. मी फोडतो विटा. तू नको येऊ.”

“झरोके उघडनार नाई,” राजकुमार म्हणाला.

“काऊन?”

“नाई म्हंजे नाई.”

“काऊन बे? उंदरं म्हनतं, पारवे म्हनतं. तीस पोते मेले तुह्याच डोयासमोर. अजून काऊन?”

“झरोका उघडला का कोनीतरी चढनार!” तो ओरडला. “रोज चढनार. सकाळी चढनार, दुपारी चढनार. पोतं भिजवाले चढनार. थे बंद असले तं कोनाले चढाचं काम नाई. समजलं?”

हातातला गोणपाटाचा कोपरा त्यानं पिळून टाकला होता. कोंब मोडून बोटांना चिकटले होते. तो ते एकेक काढू लागला. बोलायचं नव्हतं. पण गेल्या वैशाखापासून दाबलेलं तोंडातून निघालंच.

“तिनं मले म्हनलं होतं, राज्या, शिडी धर. मी धरली होती. फोन वाजला. मलकापूरच्या खताच्या दुकानातून होता, गाडी आली का नाई इचारत होता. घरात आवाज येत नोयता, म्हनून मी आंगनात आलो. दोन मिन्टं. माय वरतून म्हने, धरली ना रे? मी आंगनातून म्हनलं, हाव धरली.”

पूनमनं पदर तोंडाशी नेला.

“म्हनून उतरली ती,” राजकुमार म्हणाला. “मी हाव म्हनलं म्हनून.”

खाट करकरली. उकंडराव पाय खाली सोडून बसले होते.

“मालूम हाय मले,” ते म्हणाले.

राजकुमारनं मान वर केली.

“मी इथंच बसलो होतो. याच खाटेवर. तू फोनवर बोलताना तुह्या पाठीमांगं.”

“मंग वर्षभर बोलले काऊन नाई तुमी?”

“तू बोलशीन म्हनून.” म्हाताऱ्यानं पंखा खाली ठेवला. “अन् मी तरी काय केलं? तू सोडून आला हे दिसत होतं मले. मी बी नाई उठलो. घरातल्या घरात चार पावलं होती.”

*

प्रेरणानं नंतर किती तरी वेळा आठवून पाहिलं, पण त्यानंतर पहिलं कोण हललं ते तिला सांगता आलं नाही. बहुतेक अन्नपूर्णाच. ती कोठीतून पहार घेऊन आली आणि गोविंदाच्या हातात दिली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. पण जाता जाता त्याच्या पायाशी पडलेले कोंब मोडके-धडके सगळे गोळा करून नेले.

मधल्या घरातलं लेकराचं अंथरूण ओसरीत हलवलं आणि गोविंदा माळ्यावर चढला. पूर्वेच्या झरोक्यावर पहिला घाव बसला तेव्हा फळ्यांतून धूळ पडली. सिमेंट राजकुमारनं मन लावून कालवलेलं होतं. पहिली वीट निघायला वीस मिनिटं लागली. मग तो पश्चिमेकडे गेला. ती भिंत फुटली आणि माळ्याच्या तोंडातून जी हवा खाली आली ती भट्टीचं दार उघडावं तशी. सगळे मागे सरकले.

“अजून गरम झालं वो हे तं,” पूनम म्हणाली.

“वर्षभराचं कोंडलेलं आहे, ताई. जाऊ द्या,” प्रेरणा म्हणाली. पण तिलाही भीती वाटली. तापमापक बेचाळीसवर होता. घड्याळात सव्वातीन. फाट्यापर्यंत चालत दहा मिनिटं.

पोती उतरवायला साडेचार वाजले. गोविंदा वरून द्यायचा, राजकुमार खाली घ्यायचा आणि अंगणात निंबाखाली रचायचा. दोघं भाऊ एकमेकांशी “सोड”, “धर” एवढंच बोलत होते. दयारामला आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते राजकुमारलाच सांगावं लागणार होतं, आणि तो ते आजच जाऊन सांगणार आहे, असं त्यानं कुणी न विचारता अन्नपूर्णाला सांगितलं. ती म्हणाली, “सांजच्याले जा. आता ऊन हाय.”

शेवटचं पोतं उतरलं तेव्हा गोविंदा घामानं निथळत खाली आला आणि ओसरीत आडवा झाला. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला. पूनमनं त्याला कांदा फोडून दिला, पाणी दिलं.

प्रेरणानं झरोक्याला बांधायचं गोणपाट शोधून काढलं. तेच, आत्याबाईंचं, कडेला चार नाड्या शिवलेलं. पोटुशी असताना ती खालून पाहायची आणि आत्याबाई वरून सांगायच्या: वरच्या दोन गाठी घट्ट, खालच्या सैल, खाली वीतभर जागा मोकळी, नाहीतर वारा अडतो. घरात ते फक्त तिलाच ठाऊक होतं, कारण ते सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

“पाणी?” ती म्हणाली. नळ येऊन सहा दिवस झाले होते, रांजणात तळ दिसत होता. उरलेलं पाणी कस्तुरीसाठी ठेवायला हवं होतं.

पूनम दाराकडे पाहत होती. उंबऱ्यावरची लाल घागर गार पाझरत होती.

“बाबा?” पूनमनं विचारलं.

“तिचंच हाय,” उकंडराव म्हणाले. “तिले इच्यार.”

पूनमनं वरचं मडकं उतरवलं, डांगर आणि आंबे बाजूला ठेवले, आणि घागर उचलून प्रेरणाच्या बादलीत ओतली. अर्धी. अर्धी तिथंच ठेवली. हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली, ते बहुधा क्षमा मागणं होतं. कुणाची ते प्रेरणानं विचारलं नाही.

ओलं गोणपाट खांद्यावर घेऊन ती मधल्या घरात आली. शिडीला हात लावला आणि थांबली. तिनं गेल्या वर्षापासून या शिडीवर पाय ठेवला नव्हता. काल तापमापकसुद्धा खालूनच काठीनं धरला होता.

मागे पावलं वाजली. राजकुमार येऊन शिडीशी उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरल्या, पाय भिंतीला टेकवले.

“चढ,” तो म्हणाला.

ती चढली. माळ्यावर अजून अंगाला झळ बसत होती, पण पश्चिमेकडून वारा येत होता आणि पूर्वेच्या भगदाडातून धूळ बाहेर जाताना उन्हात दिसत होती. येयाचं दार, जायाचं दार. ती गुडघ्यांवर सरकत झरोक्यापाशी गेली. वरची एक गाठ बांधली.

खाली फोन वाजायला लागला. राजकुमारच्या खिशात.

तिचे हात जागच्या जागी राहिले. फोन वाजत राहिला, वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “फोन.”

“वाजू दे. तू बांध.”

तिनं दुसरी गाठ बांधली. खालच्या दोन सैल ठेवल्या, वीतभर जागा सोडली. ओल्या गोणपाटातून वारा आत आला आणि तिच्या गळ्याला लागला, मातीच्या नव्या घागरीच्या वासाचा. फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला. एकदा, लांब. मग गाडी गिअर बदलत घाटाच्या दिशेला गेल्याचा आवाज, लहान लहान होत.

ती उतरायला वळली. पायाला पहिली पायरी सापडेना.

“धरली ना, भाऊजी?”

प्रश्न तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आपण काय विचारलं ते. खालून उत्तर आलं नाही. तिनं वाकून पाहिलं. तो मान वर करून तिच्याकडेच पाहत होता. शिडीवरच्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तिनं पाय खाली सोडला.

ती मधल्या पायरीवर होती तेव्हा ओसरीतून अन्नपूर्णाचा आवाज आला, घरभर ऐकू जाईल असा. “माय वं! नव्या लुगड्यावर मुतली वो हे भवानी! पूनम, धर हिले, सगळं आखाजीचं लुगडं वलं केलं!”

“काय झालं?” राजकुमारनं घाबरून विचारलं.

प्रेरणा शिडीला घट्ट धरून उभी राहिली. पहाटेचा एक लंगोट तिनं मोजून ठेवला होता.

“काही नाही,” ती म्हणाली. “दोन झाले.”